सिग्नलला आली की गाडी मान टाकते

नमस्कार मंडळी. गाडी पळताना एकदम मस्त, काही तक्रार नाही, आणि पुढे सिग्नल लाल झाला, तुम्ही रेसवरून पाय काढला, ब्रेक लावला, गाडी थांबायच्या बेतात आली की इंजिन गपकन बंद. मागून हॉर्न सुरू. किल्ली फिरवली की लगेच चालू, जसं काही झालंच नाही. ज्यांच्या गाडीला हे होतंय त्यांच्यासाठी आजची बडबड. आणि हो, मी पेट्रोल गाडीबद्दल बोलतोय, डिझेलचं गणित वेगळं असतं.

आधी एक सांगतो, लगेच पार्ट बदलत सुटू नका. मी सुटलो होतो. प्लग बदलले, फ्युएल फिल्टर बदलला, एकाने छातीठोक सांगितलं म्हणून बॅटरीसुद्धा नवीन टाकली, गाडी आपली तशीच. मग एकदा कुणाची तरी वाट बघत न्यूट्रलला गाडी चालू ठेवून बसलो होतो, उगाच चाळा म्हणून ब्रेक दाबला तर आरपीएमचा काटा खाली गेला, सोडला की वर. परत दाबला, परत खाली, आणि पायापाशी बारीक फुस्स असा आवाज. गाडी जागची हललेली नाही आणि नुसत्या ब्रेकने इंजिन कण्हायला लागतंय, म्हटलं ही काय भानगड!

भानगड अशी की आपला पाय हलका पडावा म्हणून ब्रेकला जो बूस्टर असतो तो बऱ्याच पेट्रोल गाड्यांत इंजिनच्याच व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, चालतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला की ब्रेक दाबल्यावर जादा हवा तिथून थेट इंजिनात घुसते. पेट्रोल जाळायला हवा लागते वजनाने साधारण १४.७ पट, ते प्रमाण बिघडलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन गुदमरतं. तुमचं असं असेल तर पुढचं ऐकत बसू नका, बूस्टर बघून घ्या, कारण हा नुसता इंजिनचा नाही तर ब्रेकचा प्रश्न आहे.

बाकीच्यांचं बघू. पाय रेसवर नसतो तेव्हा इंजिनला हवा देणारी थ्रॉटलची चकती जवळपास बंद असते, आणि त्या चिमूटभर हवेवर इंजिनला ७०० ते ९०० आरपीएमच्या आसपास तग धरायचा असतो. त्यात गंमत म्हणजे गिअरमध्ये गाडी हळू होत असताना इंजेक्टर पेट्रोल बंदच करून टाकतात आणि आरपीएम खाली आले की परत सुरू करतात, म्हणजे खाली पडणाऱ्या इंजिनला ऐनवेळी झेलायचं असतं. चकतीच्या कडेला काजळी साठली की झेलायला हवाच पुरत नाही. रेस न देता इंजिन नुसतं चालू राहतं त्याला आयडल म्हणतात, जुन्या गाड्यांत याच कामाला वेगळा आयडल व्हॉल्व असतो, तोही काजळीने अडकतो. बहुतेक वेळा दुखणं इथेच निघतं, म्हणून सुरुवात इथून करा, साफ करणं हे बदलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

साफ करताना थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर घ्या, इंजिन बंद, थेट ओतायचं नाही, फडक्यावर मारून हळू पुसायचं. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली ऑन असताना चकतीत बोट घालू नका, मोटर अचानक फिरली तर बोट जायचं. हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याचा क्लीनर वेगळा, त्याच्या तारेला बोटही लावायचं नाही.

साफ करूनही फरक नाही? मग गाडी कधी आणि कशी बंद पडते ते दोन दिवस लिहून ठेवा, खरंच लिहा, मेकॅनिकसमोर उभं राहिलं की काही आठवत नाही. काटा लटपटत खाली येऊन बंद पडते की ठणठणीत चालू असताना एका झटक्यात? झटक्यात, तेही इंजिन तापल्यावर, आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही, असं असेल तर इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या. पेट्रोल भरून निघालं की हमखास बंद पडते? टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व उघडाच अडकला असेल. एसी लावल्यावरच? इंजिनला जास्तीचा भार झेपत नाहीये, म्हणजे परत तीच काजळी. ऑटोमॅटिक असेल आणि थांबताना मॅन्युअलमध्ये क्लच न दाबल्यासारखे गचके देऊन मरत असेल, तर थांबायच्या जरा आधी न्यूट्रल करून बघा. मग बंद पडली नाही तर टॉर्क कन्व्हर्टरचं (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) लॉक सुटत नसावं, ते काम मात्र घरचं नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा स्कॅनर मिळाला तर लावाच. पी०५०५ म्हणजे आयडल कंट्रोलची तक्रार, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो आकडा, आयडलला १५-२० टक्के प्लस आणि २५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल दिसला की कुठलातरी व्हॅक्यूम पाईप चिरलाय समजा. तो शोधायला लोक पेट्रोल नाहीतर कार्ब क्लीनर फवारतात, गरम इंजिनवर असला वेडेपणा करू नका, गॅरेजमध्ये धुराची टेस्ट करून मिळते, पाईपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघतात.

तोवर गाडी चालवावी लागलीच तर, चालत्या गाडीत इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं आणि बूस्टरमध्ये दोनेक दाबांपुरताच जोर उरतो, त्यामुळे ब्रेक पंप करत बसायचं नाही, एकदाच दाबून धरायचा.

आणि थ्रॉटल साफ केल्यावर आयडल वर-खाली झालं तर घाबरू नका. कॉम्प्युटरने काजळीच्या हिशोबाने चकती जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. काही गाड्या चालवता चालवता आपोआप शिकतात, काहींना स्कॅनरने आयडल रीलर्न करावं लागतं.