वहीतले अॅव्हरेज

रात्रीचे अडीच वाजले आहेत. बेळगावच्या मार्केटमधून भाजी भरून ही पिकअप जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरणार आहे. अॅव्हरेज किती मिळते, असे विचारले की या रस्त्यावरचा कोणताही चालक एक आकडा ताबडतोब सांगतो, आणि तो बहुधा गाडीच्या सर्वांत चांगल्या दिवसाचा असतो.

हे मामा मात्र वही उघडतात.

पंपावरचा त्यांचा हात नीट पाहा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझलचा पहिला कट लवकर पडतो, म्हणजे नोझल आपोआप बंद होते. फेस बसेपर्यंत ते थांबतात, दुसरा कट पडला की नोझल काढायला लावतात, आणि दर खेपेस हेच करतात, शक्यतो त्याच पंपावर. टाकी काठोकाठ भरण्याचा त्यांचा हट्ट नाही. दोन्ही वेळा पातळी सारखी हवी, एवढेच. पहिल्यांदा टाकी फुल केली तेव्हाचे लिटर हिशेबात येत नाहीत, कारण ते आधी चाललेल्या किलोमीटरांचे असतात. मधेच घेतलेले पाच लिटर मात्र वहीत चढतात.

हे पान पाहा. 522 किलोमीटर, 36 लिटर, म्हणजे लिटरला 14.5. त्याखाली 210 किलोमीटर, साडेसतरा लिटर, म्हणजे 12. या दोन आकड्यांची सरासरी 13.25 येते, आणि ती चूक आहे. सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर केले, तर उत्तर 13.68 मिळते. घाटाच्या बाबतीतही तसेच आहे: जाताना भरलेली गाडी उतरते, येताना रिकामी चढते, तेव्हा एकाच बाजूचा आकडा काहीच सांगत नाही.

आता राष्ट्रीय महामार्ग 48. मामा कडेचे किलोमीटरचे दगड मोजत आहेत, म्हणजे शेजारी बसलेला मुलगा मोजतो आहे. पन्नास दगड झाले तेव्हा मीटरवर 51 उमटले होते. टायर झिजला की चाकाचा घेर घटतो आणि मीटर थोडे पुढे पळते. म्हणून 13.68 ला 51 ने भागून 50 ने गुणायचे.

चिकटलेला ब्रेक आणि टायरमधली कमी हवा त्यांना या वहीतल्या घसरलेल्या आकड्यानेच दाखवली.

मामा 13.68 वर रेघ मारतात आणि शेजारी 13.4 लिहितात.