बाजार ते वाडा : शेळ्यामेंढ्यांतल्या पीपीआरची वाट

[दृश्य : तोड झालेलं उसाचं रान, पहाट, वाघर उचलली जातेय]

शिरोळ तालुक्यातलं हे रान. ऊस कारखान्याला गेलाय, पाचट अजून पसरलेलं आहे. वाघर, म्हणजे रात्री जनावरांभोवती लावलेली जाळी, उचलली की आधी शेळ्या बाहेर पडतात, त्यांच्या मागून मेंढरं. खांड, म्हणजे सगळा कळप, बांधावर येईपर्यंत धुळीचा लोट रस्त्यापर्यंत पोचतो. मागे डालग्याखाली झाकलेली कोकरं ओरडत राहतात.

रात्रभर या वाड्यावर, म्हणजे खांडाच्या मुक्कामावर, ही जनावरं अंगाला अंग लावून बसलेली होती. शेतकऱ्याला तेच हवं असतं. खांड दाटीनं बसलं की लेंडी आणि मूत एका जागी पडतं, पुढच्या पिकाला त्याचा जोर मिळतो. बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळतं, हल्ली बहुतेक ठिकाणी पैसे. कृष्णा-पंचगंगेच्या काठानं हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आणि एका विषाणूला पसरायला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

[दृश्य : शेळीचं तोंड, अगदी जवळून]

ही शेळी बघा. नाकपुडीच्या कडेला पिवळट पापुद्रा सुकलाय. डोळ्यांखालचे केस ओले होऊन चिकटलेत. डॉक्टर ओठ वर करतात, तेव्हा हिरड्यांवर कोंडा सांडल्यासारखा पांढरट थर दिसतो. तोंडाला घाण वास येतोय, म्हणून धरणाऱ्या पोरानं मान वळवलीय. अंगात ताप असतो, 104 ते 106 फॅरनहाइटपर्यंत. पुढे हगवण लागते, छाती भरते, गाभण शेळी गाभडते.

हा पीपीआर. शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी.

गुरांच्या बुळकांडीचा आणि माणसांच्या गोवराचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. लागण झाल्यावर साधारण 4 ते 6 दिवसांनी ताप चढतो. पण शेळी आजारी दिसू लागण्याच्या एक-दोन दिवस आधीच तिच्या नाकातून, डोळ्यांतून विषाणू बाहेर पडायला लागतो. म्हणजे आज जी धडधाकट दिसतेय, तीही शेजारच्या शेळीला रोग देत असू शकते. खोकला, शिंक, एकाच घमेल्यातलं पाणी, लाळ लागलेला चारा. एवढं त्याला पुरतं.

त्याची एक बाजू मात्र कमजोर आहे, आणि या फिल्ममधलं पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. हा विषाणू उघड्यावर फार काळ टिकत नाही. ऊन लागलं, वाळलं, की संपला. बरी झालेली शेळी आयुष्यभर रोग घेऊन फिरत नाही, उलट तिला पुन्हा तो होत नाही. त्यामुळे तगून राहायचं तर त्याला सतत नवं, लस न टोचलेलं जनावर गाठावं लागतं. ते त्याला कुठे भेटतं?

[दृश्य : वडगावचा बाजार. टेम्पोतून उतरणारी बोकडं, गर्दी, सौदे. मूळ आवाज काही सेकंद तसाच ठेवावा]

पेठ वडगाव, सोमवार. जनावरांच्या या बाजाराला जिल्ह्याबाहेरूनही लोक येतात. एका टेम्पोत चार गावांची बोकडं. उतरल्याबरोबर सगळी एकाच दोरीला.

आता या गिऱ्हाइकाचा हात बघत राहा. वय पारखायला तो बोकडाचा जबडा उघडतो, अंगठ्यानं ओठ सारतो, दात मोजतो. हात धोतराला पुसतो, न पुसल्यासारखाच. पुढच्या बोकडाकडे वळतो, पुन्हा जबडा, पुन्हा अंगठा. ओळ संपेपर्यंत एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडात जात राहते. यात त्याची चूक काय म्हणायची? दात बघितल्याशिवाय कुणी बोकड घेत नाही. बाजारात हात धुवायला पाण्याची बादली आम्हाला दिसली नाही. ती ठेवणं अवघड नाही.

विकली गेलेली बोकडं बहुतेक कापायलाच जातात, त्यांच्याबरोबर रोगही तिथेच थांबतो. काळजी आहे ती न विकल्या गेलेल्या जनावरांची. भाव पटला नाही म्हणून संध्याकाळी परत नेलेली शेळी रात्री पुन्हा त्याच वाघरीत, त्याच दाटीत बसते. दसरा, पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, बकरी ईद, या दिवसांत ही ये-जा वाढते. पूर आला की आणखी वेगळंच. 2019 आणि 2021 च्या महापुरात गावंच्या गावं उंचावर सरकली, तेव्हा ओळखपाळख नसलेली जनावरं एकाच माळावर बांधावी लागली होती.

[दृश्य : वाड्यावर शेळ्या आणि मेंढरं एकत्र चरताना]

मेंढपाळाच्या खांडात मेंढरांबरोबर शेळ्या असतातच. घरच्या दुधाला, पोरक्या कोकरांना पाजायला. रोगाच्या बाबतीत मात्र या दोघींचं वागणं सारखं नसतं. पीपीआर शेळीला झोपवतो. मेंढरू पुष्कळदा दोन दिवस शिंकतं, चरायला थोडं मागे राहतं आणि सावरतं. थंडीची सर्दी समजून कुणी लक्ष देत नाही, आणि तेवढ्यात त्याच्याकडून रोग शेळीकडे गेलेला असतो. निळ्या जिभेच्या रोगात नेमकं उलटं घडतं. तिथे मेंढरू तोंड सुजून बसतं आणि शेळी काही न दाखवता विषाणू अंगात बाळगते. तो रोग चिलटांमधून पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि पावसानंतर त्याचा जोर. मावा, म्हणजे तोंडावर फोड येणारा रोग, आणखी वेगळा. ओठावरच्या खपल्या गळून वाड्यात पडतात आणि त्यातला विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. मावा झालेल्या करडाला उघड्या हातानं पाजू नये, माणसाच्या बोटांवरही फोड येतात.

म्हणून लस टोचायची तर शेळ्या आणि मेंढरं दोन्हींना, एकाच वेळी. शेळ्यांना टोचून मेंढरं तशीच सोडली तर अर्धं दार उघडंच राहतं.

[दृश्य : जुन्या बुळकांडी लसीकरणाची छायाचित्रं]

पीपीआरची पहिली नोंद 1942 ची, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची. भारतात तो 1987 साली तमिळनाडूतल्या अरसूर गावी ओळखला गेला. त्याआधी शेळ्यांमध्ये असं काही दिसलं की गुरांची बुळकांडीच शेळ्यांना लागली असं समजत, आणि गुरांचीच लस शेळ्यांना देत. दोन्ही विषाणू इतके जवळचे, की तिचा उपयोगही होत असे. पुढे गुरांची बुळकांडी हटवण्याची मोहीम शेवटाला आली, तशी ती लस बंद करावी लागली. शेळ्यांना स्वतःची लस हवी होती. हिमाचल प्रदेशातल्या सुंग्री गावातल्या एका शेळीचा विषाणू घेऊन भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तो वाढवत वाढवत सौम्य केला गेला. ‘सुंग्री 96’ या नावानं तीच लस आज देशभर वापरात आहे. 2011 मध्ये गुरांची बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. पीपीआर 2030 पर्यंत संपवायचं जागतिक उद्दिष्ट 2015 साली ठरलं, ते याच अनुभवाच्या जोरावर. 2019 च्या पशुगणनेत भारतात 14 कोटी 88 लाख शेळ्या आणि 7 कोटी 42 लाख मेंढ्या होत्या. यातल्या चालत्या खांडांपर्यंत सुई पोचली नाही, तर ते उद्दिष्ट कागदावरच राहील.

[दृश्य : बर्फाचा डबा उघडतोय. बाटली, द्रावण, सिरिंज]

आता लसीकरण. हे आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपलंय, आणि ते सावकाशच बघायला हवं.

बाटलीत तळाशी चिकटलेली पांढरी वडी, ती लस. जिवंत, पण सौम्य केलेला विषाणू. दवाखान्याच्या फ्रिजमधून ती बर्फात निघते आणि बर्फातच इथवर येते. सोबतच्या द्रावणात वाड्यावर आल्यावरच कालवायची. कालवली की घड्याळ सुरू. पुढच्या दोन तासांत ती संपवायची, तीसुद्धा सावलीत, बर्फावर ठेवून. उरली तर फेकून द्यायची, संध्याकाळच्या वाड्यासाठी ठेवायची नाही. सिरिंज जंतुनाशकात बुडवून वापरली तर आतला विषाणूच मरतो आणि सुई वाया जाते. म्हणून ती उकळून, गार करून घेतलीय.

दोघं जण वाघर आवळत आणतात. एक पोरगा मेंढरू पायांत धरतो, डॉक्टर कातडी चिमटीत उचलतात, कातडीखाली एक मिलिलिटर. लगेच पाठीवर रंगाचा फराटा, दुसऱ्यांदा टोचायला नको म्हणून. ज्याला ताप आहे त्याला बाजूला काढलंय. चार महिन्यांच्या आतली कोकरंही बाजूला, कारण आईच्या चिकातून मिळालेली ताकद लसीला काम करू देत नाही. जंताचं औषध आधीच पाजून झालेलं आहे.

[या खांडाचे मेंढपाळ आबा, त्यांचा बाईट इथे]

ही एक सुई निदान तीन वर्षं पुरते. पण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. बाजाराच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. गावातल्या दावणीच्या शेळीला हे जमून जातं, दवाखाना जवळ असतो, नावही यादीत असतं. चालत्या खांडाचं तसं नाही. पावसाळ्यात ते पूर्वेच्या कमी पावसाच्या माळाला असतं, सुगी झाली की नदीकाठी, कागलमार्गे कर्नाटकातही उतरतं. गावात लसीकरण होतं तेव्हा खांड तिथे नसतं. आमचं म्हणणं सरळ आहे : तारखा खांडाच्या वाटेवरून ठरवाव्यात. खांड कुठल्या महिन्यात कुठल्या रानात बसतं, हे प्रत्येक मेंढपाळाला पाठ असतं. त्याला विचारलं पाहिजे.

[दृश्य : रानाच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या दोन शेळ्या]

या दोन शेळ्या बाजारातून नव्यानं आणलेल्या. आबांनी त्या शेतकऱ्याच्या गोठ्याकडे वेगळ्या बांधल्यात, 21 दिवस. त्यांचं घमेलं वेगळं, आणि त्यांच्याकडे जायचं ते खांडाचं सगळं काम उरकल्यावर, सगळ्यात शेवटी. फिरतीवर वेगळं बांधणं जमत नाही असं बऱ्याच जणांनी आम्हाला सांगितलं. इथे जमलंय.

गेल्या साथीत याच खांडातली बरीचशी कोकरं आणि गाभण शेळ्या गेल्या, त्याचं कर्ज अजून फिटायचंय.

पीपीआरवर नेमकं औषध नाही. छातीतला दुसरा संसर्ग आवरायला प्रतिजैविकं, हगवणीला सलाईन, तोंड धुवायला पोटॅशियम परमँगनेटचं फिकं पाणी, इतकंच हातात असतं. साथीची शंका आली तर गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं 2009 च्या कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. जनावरांच्या डॉक्टरांसाठी फोन नंबर 1962. कळवल्यावर खांड हलवायचं नाही आणि आजारी जनावर स्वस्तात विकायचं नाही, कारण ते ज्याच्या वाड्यावर जाईल तिथेही शेळ्या आहेत.

[दृश्य : कानातला पिवळा बिल्ला, रजिस्टर, पावती]

कानात बारा आकडी बिल्ला, रजिस्टरमध्ये तोच आकडा, आणि आबांच्या हातात पावती. आज बाजूला काढलेली कोकरं चार महिन्यांची होतील तेव्हा खांड निपाणीच्या पुढे असेल. तिथल्या दवाखान्यात हीच पावती दाखवून उरलेली सुई मागायची, असं डॉक्टरांनी मागच्या बाजूला लिहून दिलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये.