लाकूड, हवा आणि गिटार

पुण्यात हाताने गिटार घडवायची असेल, तर लाकडाइतकाच येथील हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिलच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा 30 टक्क्यांच्या खाली उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या आसपास असते, आणि लाकूड त्यानुसार आडव्या अंगाने आकसते किंवा फुगते. म्हणून चिकटवण्याचे काम 45 ते 50 टक्के आर्द्रता राखलेल्या बंद खोलीतच करावे; येथे घाई करणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात फळीला तडा ओढवून घेणे होय.

गिटारची वरची फळी, म्हणजे सतारकारांच्या भाषेत तबली, बहुधा परदेशी स्प्रूसची, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन लगतच्या पातळ फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडून मधोमध जोडतात आणि रंध्याने त्यांची जाडी तीन मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही कमी करतात. फळी पातळ असेल तर ती मोकळेपणाने कंप पावते. परंतु पोलादी तारांचा एकत्रित ताण 70 किलोच्या घरात जातो, आणि तो पेलण्यासाठी तिला आतून आधार द्यावा लागतो. अमेरिकेत गिटारनिर्माते मार्टिन यांच्या कारखान्यात 1840 च्या दशकात रुजलेली, एकमेकींना छेदणाऱ्या दोन मुख्य पट्ट्यांची मांडणी आजही याच कारणासाठी वापरली जाते. या पट्ट्या चिकटवल्यावर कारागीर त्या पटाशीने थोड्या थोड्या तासतो, बोटाने फळीवर टिचकी मारतो, ऐकतो आणि पुन्हा तासतो. कोठे थांबायचे हे कोणतीही मोजपट्टी सांगत नाही. आमच्या मते संपूर्ण वाद्यातील सर्वांत अवघड निर्णय हाच आहे.

बाजूच्या फळ्या मात्र आपल्याकडच्या शिसवीच्या असू शकतात. ब्राझीलची शिसवी दुर्मीळ झाल्यावर मार्टिन कंपनीनेही 1969 पासून भारतीय शिसवीचा आधार घेतला. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची ही फळी ओलसर करून तापलेल्या धातूच्या नळीवर हळूहळू वाकवतात.

पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा गणिताने ठरतात. तारेची कंप पावणारी लांबी 650 मिलिमीटर धरली, तर पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारे 36.5 आणि बारावा बरोबर 325 मिलिमीटरवर येतो. तारा चढवल्यावर ताणामुळे तबली किंचित वर उचलली जाते, म्हणून तारांची उंची काही दिवसांनी पुन्हा तपासावी लागते, आणि पुण्यात ती पावसाळा सुरू होताना आणखी एकदा तपासलेली बरी.