सोळा किलोची बंदूक

[दृश्य: पहाट. परतवाडा-बैतूल रस्ता, धुकं, मागे सातपुड्याची काळी रेघ. जत्रेतली दुकानं अजून ताडपत्रीखाली झाकलेली.]

परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की सातपुडा जवळ येत जातो, आणि त्याच्या पायथ्याशी बहिरम लागतं. डिसेंबर सरत आला की इथे जत्रा भरते. ती महिनाभराहून जास्त चालते. वर लोणी आणि शेंदूर ल्यालेले बहिरमबुवा, खाली राहुट्या, गोवऱ्यांच्या आरावर भाजणारे रोडगे आणि मातीच्या हंड्या. याच दिवसांत शिवारात तुरीची सोंगणी चाललेली असते. दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी गाडी जोडून, नाहीतर ऑटोत बसून जत्रेला येतात.

मी नऊ वर्षांची असताना या जत्रेत फुग्यांच्या दुकानापुढे उभी राहिले होते. हातात वडिलांनी दिलेले पैसे होते. दुकानदाराने छर्ऱ्याची हवाई बंदूक पुढे केली. छर्रा भरायला तिची नळी मधून वाकवून खाली ओढावी लागते; यालाच बंदूक मोडणं म्हणतात. मी नळी धरली, ओढली, दस्ता पोटाशी दाबून पुन्हा ओढली. ती निम्म्यावर येऊन थांबली. मागे रांग होती. दुकानदाराने बंदूक माझ्या हातातून काढून घेतली, मोडून, भरून, पुढच्या पोराच्या हातात दिली आणि माझे पैसे परत केले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वेळ नव्हता. पण ती निम्म्यावर अडकलेली नळी माझ्या मनातून गेली नाही, आणि ही फिल्म करायला मी निघाले ती तिच्यामुळेच.

[दृश्य: फुग्यांचं दुकान उघडतंय. लाकडी फळीवर रंगीत फुग्यांच्या ओळी. एक बाई फुगे फुगवतेय. फळीवर तीन बंदुका.]

आता हे दुकान एक बाई चालवतात. तीन बंदुका, दहा छर्ऱ्यांचा एक डाव. गिऱ्हाईक नेम धरतं, चाप ओढतं. बंदूक मोडून त्यात छर्रा भरायचं काम मात्र बाईंचं. रविवारी गर्दी असते. साठ डाव झाले तर सहाशे वेळा नळी खाली ओढायची. बाईंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतो.

"रातच्याले हात वर होत नाई," त्या म्हणाल्या. "लुगडं नेसाले तरास होते. तीनातली ही एक बंदूक तं मले मारूनच टाकते."

त्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला आम्ही कापूस मोजायचा हुकाचा काटा अडकवला, दस्ता धरून ठेवला आणि काटा खाली ओढला. बंदूक पूर्ण मोडेपर्यंत काटा सोळा किलोवर गेला. सोळा किलो, आणि तेही सहाशेतल्या कितीतरी वेळा.

[दृश्य: मिस्त्रींचं दुकान. टिनाचं छप्पर. भिंतीवर पितळी स्टोव्हची बर्नरं, फवारणी पंपाचे दांडे, सायकलचे पंप.]

ती बंदूक घेऊन आम्ही जवळच्या एका गावात मिस्त्रींकडे आलो. मी त्यांना काकाजी म्हणते. त्यांचं खरं काम स्टोव्ह, फवारणी पंप आणि सायकलचे पंप दुरुस्त करायचं. बंदुका त्यांच्याकडे आल्या त्या एका वायसरमुळे. स्टोव्हच्या पंपात, जुन्या फवारणी पंपात आणि छर्ऱ्याच्या बंदुकीत, तिन्हींत चामड्याचा तोच वाटीसारखा वायसर असतो. ज्याला तो कापता येतो, भिजवून वाटीचा आकार देता येतो, त्याच्याकडे तिन्ही वस्तू येतात.

ही बंदूक चालते कशी, ते सायकलचा पंप हातात घेतला की कळतं. पंपाचं तोंड बोटाने दाबा आणि दांडा जोरात मारा. हवा दबते, गरम होते, बोटाला ढकलते. बंदुकीत दांड्याच्या जागी पिस्टन असतो आणि हाताच्या जागी स्प्रिंग. नळी मधून मोडून खाली ओढली की तिला जोडलेला दांडा पिस्टनला मागे रेटतो, स्प्रिंग दबते, आणि चापाची खाच पिस्टनला पकडून ठेवते. चाप ओढला की खाच सुटते. पिस्टन पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा क्षणभरात दबते आणि एका बारीक भोकातून छर्ऱ्यामागे घुसते. बंदुकीत आधीपासून भरलेली हवा नसतेच. प्रत्येक बाराला ती नव्याने दाबली जाते, आणि ती ताकद माणसाच्या हाताची असते.

हाताने घातलेल्या ताकदीतला साधारण तिसरा हिस्सा छर्ऱ्यापर्यंत पोचतो. बाकीचा धक्क्यात, उष्णतेत आणि घासण्यात जातो. बंदूक बिघडली, की हा फुकट जाणारा हिस्सा वाढतो. बंदूक जड होते आणि छर्रा मात्र हळू जातो.

काकाजींनी नळी दोन-तीनदा मोडून पाहिली. डोळे मिटून. आतून करकर आवाज येत होता.

"बंदूक जड नाई झाली, बाई," ते म्हणाले. "आतून अडली हाय. सबन लोक येतात तं म्हणतात, स्प्रिंग बदलून द्या. म्या म्हणतो, आधी उघडून तं पाहू."

[दृश्य: सुतारी शिकंज्यात आडवी धरलेली बंदूक. दस्ता वेगळा. काकाजींचे हात.]

उघडण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. आतली स्प्रिंग बंदूक न भरताही दबलेली असते. मागचं बूच नुसत्या हाताने सोडवलं, तर ते स्प्रिंगसकट तोंडावर येतं. म्हणून काकाजी बंदूक लांब शिकंज्यात धरतात, बुचामागे लाकडाचा ठोकळा लावतात, बूच सोडवतात आणि मग शिकंजा आट्याआट्याने सैल करतात, स्प्रिंगचा सगळा जोर मरेपर्यंत. त्या वेळी ते कोणाशी बोलत नाहीत. मीही कॅमेऱ्यामागे गप्प होते.

आधी त्यांनी नळीचा सांधा पाहिला होता. तिथला बोल्ट कोणीतरी गच्च आवळून ठेवला होता, ग्रीसचा मागमूस नव्हता, दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्यांवर गंज होता. तेवढंच साफ करून, ग्रीस लावून, बोल्ट नळी डुलणार नाही इतपतच आवळून काटा लावला, तर काटा पंधरावर आला. एक किलो नुसत्या गंजात गेला होता.

खरं दुखणं आत निघालं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानात कोणीतरी "पॉवर वाढवून देतो" म्हणत यात जाड स्प्रिंग बसवून दिली होती. काकाजींनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. मूळ तार तीन मिलिमीटरची असायला हवी, ही तीन पूर्णांक तीन निघाली. तीन दशांश मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. दहा टक्के जाड तार म्हणजे जवळजवळ दीडपट कडक स्प्रिंग. बाईंच्या खांद्याचं उत्तर व्हर्नियरच्या त्या तीन रेघांत होतं, आणि ते पाहून मला राग आला. हौशी माणसाने घरच्या बंदुकीला अशी स्प्रिंग लावली तर त्याचा तो जाणे. दिवसाला सहाशे वेळा बंदूक मोडणाऱ्या बाईला ती कोणी का लावावी?

शिवाय ती लांबही होती. नळी पुरी ओढली की वेढे एकमेकांना टेकत होते. वेढे टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होते, आणि माणूस त्या ठोकळ्याविरुद्ध ओढत राहतो. मधोमध ती वाकलीही होती. वाकडी स्प्रिंग दबताना पिस्टनच्या आतल्या भिंतीला घासते; करकर होती ती हीच.

[दृश्य: जवळून, सुती फडक्यावर काळं चिकट ग्रीस. मग पिस्टनवरचे लांब ओरखडे.]

जुनं ग्रीस आणि जत्रेची धूळ मिळून आत डांबरासारखं झालं होतं. नळीखालचा दांडा ज्या चिरेतून फिरतो, तिच्या कडांना धार आली होती आणि प्रत्येक वेळी ती पिस्टनला ओरबाडत होती. काकाजींनी त्या कडा बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गोल केल्या. पिस्टनवरचे ओरखडे घासून सपाट केले. चापाच्या खाचेला मात्र हात लावला नाही. चाप हलका व्हावा म्हणून ती खाच घासणारे मिस्त्री आहेत. मग कधीतरी नळी मोडलेली असतानाच पिस्टन सुटतो, नळी फटकन वर येते, आणि छर्रा बसवणारं बोट तिथेच असतं.

नवी स्प्रिंग तीन मिलिमीटरच्या तारेची. तिची दोन्ही टोकं दगडावर घासून सपाट आणि गुळगुळीत केली, कारण स्प्रिंग दबताना थोडी पिळतेही, आणि खडबडीत टोक तिला पिळू देत नाही. टोकाखाली एक गुळगुळीत चकती घातली. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लावलं, अगदी बोटावर मावेल इतकं, आणि तेही वायसरच्या मागच्या बाजूलाच.

तेलावर काकाजी फार वेळ बोलले. बंदूक जड वाटली की लोक हवेच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल ओततात, कोणी खोबरेल ओततं. दबलेली हवा इतकी तापते की ते तेल आत पेटतं. मोठा आवाज होतो, नळीतून धूर निघतो. पोरं खूश होतात, बंदूक जोरात चालली म्हणतात. पण त्या प्रत्येक भडक्यात वायसर जळतो आणि स्प्रिंगला उलटा दणका बसतो. या बंदुकीचा वायसर कडेने काळा पडून फाटला होता, वाळून कडकही झाला होता. म्हणजे एकीकडे तो घासून जोर खात होता आणि दुसरीकडे हवा सोडत होता.

नवा वायसर त्यांनी जाड चामड्यातून कापला, पाण्यात भिजवला, लाकडी साच्यात दाबून रात्रभर ठेवला. सकाळी वाटी तयार झाली होती. मग तिची कड घासत, नळकांड्यात घालून पाहत, पुन्हा घासत, बोटाने ढकलली की सरकेल आणि तोंड दाबलं की अडेल, इथपर्यंत आणली. या कामाला अर्धा दिवस गेला. मला हे पाहताना कंटाळा आला नाही. घरी आजीचा पितळी स्टोव्ह होता, त्याला पंप मारताना हाताला जाणवायचा तोच मऊ अडसर या वाटीत होता.

[दृश्य: जुळणी झालेली बंदूक. नळीच्या टोकाला पुन्हा काटा.]

काटा दहा किलोवर थांबला.

काकाजींनी मग दोन गोष्टी तपासल्या. नळी जिथे मिटते त्या सांध्यावर कापसाची एक तार ठेवली आणि छर्रा घालून बार काढला. तार हलली असती, तर तिथला छोटा वायसर हवा सोडतोय असं समजायचं. हलली नाही. मग कपडे धुण्याच्या साबणाची वडी मातीच्या ढिगाला टेकवून ठेवली. दुरुस्तीआधी याच अंतरावरून एक छर्रा तिच्यात मारून ठेवला होता. नवा छर्रा त्याच्याहून थोडा जास्तच खोल गेला. स्प्रिंग हलकी, हाताचा जोर सहा किलोने कमी, आणि छर्रा तरीही पुढे.

ज्यांना अजून शंका वाटते त्यांच्यासाठी सांगते. दहा मीटर एअर रायफल नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने जातो, आणि तिथला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याहून जास्त जोर त्या खेळाला लागत नाही. आपल्याकडे साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या हवाई बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पुष्कळ लोक ही मर्यादाच गाठायला पाहतात. तीन मीटरवरचा फुगा त्याच्या कितीतरी खाली फुटतो.

[दृश्य: दुकानाच्या कोपऱ्यात तीन-चार जुन्या बंदुका. एकीच्या दस्त्यावर पुसट झालेलं नाव.]

कोपऱ्यात काही जुन्या बंदुका होत्या. १८९० मध्ये जर्मनीतल्या रास्टाट गावी सुरू झालेल्या डायना कंपनीच्या नमुन्यावर आपल्याकडे खूप बंदुका बनल्या. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली उभारलेल्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीनेही एकेकाळी हवाई बंदुका काढल्या. सिमेंटचे पाईप करणारी ती हीच कंपनी. तिच्या बंदुका काकाजी जपून ठेवतात.

त्यातल्या एका बंदुकीचा मालक तित्तर मारायला ती जोरदार करून मागत होता. काकाजींनी ती तशीच ठेवली आहे, दुरुस्त केली नाही. इथून वर मेळघाट सुरू होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहेच. पण त्यांचं म्हणणं साधं आहे: छर्रा जीव घेत नाही, आत बसून राहतो, आणि पाखरू चार दिवस झुरून मरतं. मेळघाटात रानपिंगळा आहे. १८८४ नंतर तो कोणाला दिसला नव्हता, आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. हे छोटं घुबड दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतं. उघड्या फांदीवर बसलेलं पाखरू आणि हातातली छर्ऱ्याची बंदूक यांच्यामध्ये फक्त माणसाची बुद्धी असते. एक मिस्त्री बंदूक दुरुस्त करायला नाही म्हणतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

[दृश्य: रविवार, संध्याकाळ. जत्रा. पाळण्याचे दिवे.]

बाईंनी बंदूक हातात घेतली, मोडली, आणि आमच्याकडे पाहिलं. पुन्हा मोडली. मग डाव्या हाताने मोडून पाहिली.

"भाऊनं काय केलं हिले?" त्यांनी विचारलं. मी तारेचं सांगितलं, वायसरचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण हात चालूच होते. उरलेल्या दोन बंदुका त्यांनी त्याच रात्री पोत्यात बांधून माझ्याकडे दिल्या. खांदा अजून दुखतो. दोन वर्षांचं दुखणं एका स्प्रिंगने जात नाही, आणि डॉक्टरकडे जायचं त्यांनी जत्रा उठल्यावर ठरवलं आहे.

आठच्या सुमारास एक मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची, वेण्यांना लाल रिबिनी, सोबत आजी. बंदूक मीच मोडणार म्हणाली. बाईंनी दस्ता तिच्या मांडीवर नीट टेकवला, तिचा हात नळीच्या टोकाकडे सरकवला, कारण टोकाला धरलं की कमी जोर लागतो. मुलीने ओढलं. निम्म्यावर नळी क्षणभर थांबली, मुलीने ओठ आवळले, आणि आत खट् झालं.

तिने आनंदाने हात सोडणार तोच बाईंनी आपल्या मुठीत नळी पकडली.

"नळी सोडू नको, बाई. आंगठा आत हाय तुहा. आता घाल छर्रा."

[दृश्य: मुलीचं बोट, छर्रा, बाईंची मूठ. मागे फुग्यांच्या ओळी.]