तीन वायरी, एकच व्होल्टेज

बोटीच्या इंजिनरूममधला हा चार्जर. झाकण काढलं की तीन लाल वायरी दिसतात, काळी मात्र एकच. म्हणजे तिन्ही बँकांचं, म्हणजे बॅटऱ्यांच्या तिन्ही संचांचं, निगेटिव्ह सामाईक.

एक लाल वायर जाते इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीकडे, दुसरी दिवे, पंप नि फ्रीज चालवणाऱ्या मोठ्या बँकेकडे, तिसरी नांगर वर ओढणाऱ्या विंचच्या बॅटरीकडे. चार्जरवर छापलंय ३० अँपिअर. ते प्रत्येक वायरीला नाहीत, तिघींत मिळून आहेत.

आता वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा हा क्लॅम्प मीटर बघा. रात्रभर वापरलेली मोठी बँक: २५ अँपिअर. इंजिनची बॅटरी: ३. विंचची: जेमतेम १. ही वाटणी चार्जर करत नाही. तिन्ही वायरींवर व्होल्टेज एकच. जी बँक जास्त रिकामी, ती जास्त ओढते. त्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, बसलेत ते डायोड. एका बँकेचा करंट उलटा दुसरीत जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. साध्या सिलिकॉन डायोडवर अर्ध्या-पाऊण व्होल्टची घट होते. चांगला चार्जर तेवढं व्होल्टेज आधीच चढवून देतो.

बॅटरीचा प्रकार निवडायचा हा स्विच. तोही एकच! खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘तीन बँका’ लिहिणारे हे सांगत नाहीत. तिन्ही बँका एकाच जातीच्या असतील तर बिनधास्त वापरा. पाण्याच्या बॅटरीला इक्वलाइझ करताना, म्हणजे तिचे सगळे सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम जास्त चार्ज करताना, १५ व्होल्टच्या वर नेतात. शेजारी जेल असेल तर ती कायमची जाते, लिथियम असेल तर तिचा बीएमएस, म्हणजे आतलं संरक्षक सर्किट, जोडणी तोडतो.

हा दुसरा चार्जर उघडलाय. आत तीन वेगळे बोर्ड, प्रत्येकाची लाल-काळी जोडी स्वतंत्र. सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, जोडून २४ व्होल्ट केलेल्या दोन बॅटऱ्या ती जोडणी न सोडवता स्वतंत्रपणे भरायच्या, तर असाच लागतो. सामाईक निगेटिव्हवाला तिथे लावलात तर थेट शॉर्ट.

जाती वेगळ्या असतील तर आम्ही सुचवू ती जोडणी पडद्यावर आहे: चार्जरचा सगळा करंट मोठ्या बँकेला, आणि तिथून एक छोटा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीतून दुसरी भरणारा, इंजिनच्या बॅटरीला. तो स्वतःचं व्होल्टेज स्वतः ठरवतो.

आणि फ्यूज. तो चार्जरपाशी नाही, बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून बसवलाय. वायर कुठे घासली तर शेकडो अँपिअर बॅटरीकडूनच येतात.