‘आता दोनच इनिंग राहिल्या’

सभ्य स्त्रीपुरुषहो,

बेसबॉलचे वेड असलेल्या माणसाने घरी दिलेल्या वचनांपैकी सर्वांत बेभरवशाचे वचन म्हणजे ‘आता दोनच इनिंग राहिल्या’ हे होय. ते खोटे नसते, पण वेळेविषयी त्यातून काहीच कळत नाही. या खेळात नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आपापले तीन गडी बाद होईपर्यंत खेळतात. त्यामुळे एखादी अर्धी इनिंग पाच-सहा चेंडूंत आटोपते, तर एखादी अर्धा तास रेंगाळते, आणि नवव्या इनिंगअखेर बरोबरी असेल तर खेळ पुढे चालूच राहतो. नवरा सांगतो ते इनिंगच्या हिशेबाने आणि बायको ऐकते ती घड्याळाच्या हिशेबाने. (वेड बायकोला असेल तर भूमिकांची अदलाबदल होते, बाकी सगळे तसेच.)

आता गंमत अशी की ज्या गोष्टीवरून घरी भांडण होते, तीच या खेळातली माझ्या मते सर्वांत मोठी मजा आहे. आघाडीवर असलेल्या संघाला वेळ काढून सामना जिंकता येत नाही. सत्ताविसावा गडी बाद करायचाच असतो आणि तो होईपर्यंत पिछाडीवरच्या संघाला संधी असतेच. अमेरिकेच्या मेजर लीगने (तिथल्या सर्वोच्च स्पर्धेने) २०२३ पासून पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, वेळेचे बंधन घातले: बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) कोणी नसेल तर १५ सेकंदांत आणि धावक असेल तर २० सेकंदांत चेंडू टाकायचा, ही दुसरी मर्यादा पुढच्या वर्षी १८ सेकंदांवर आली. तीन तासांच्या वर जाणारा सरासरी सामना त्यामुळे २ तास ४० मिनिटांच्या आसपास आला. हा बदल मला पसंत आहे, परंतु घड्याळ लागले ते प्रत्येक चेंडूला, संपूर्ण सामन्याला नव्हे. म्हणून ‘दोनच इनिंग’ आजही तितक्याच धोक्याच्या आहेत.

दोन चेंडूंमधल्या ज्या अवधीत नवख्या प्रेक्षकाला काहीच घडत नाही असे वाटते, त्या अवधीतच सगळे शिजत असते. पिचर आणि फलंदाजाजवळची होम प्लेट यांच्यामध्ये ६० फूट ६ इंचांचे अंतर असते आणि वेगवान चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. तेव्हा कोणता चेंडू येणार हे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला आधी ठाऊक असावेच लागते. त्यासाठी कॅचर उकिडवा बसून बोटांनी खूण करतो, बहुधा एक बोट म्हणजे फास्टबॉल. पिचरला ती खूण नापसंत असेल तर तो मान हलवून नकार देतो आणि कॅचर दुसरी खूण सुचवतो. दुसऱ्या बेसवर शत्रुपक्षाचा धावक उभा असेल तर त्याला ही बोटे सरळ दिसतात. मग एकामागून एक अनेक खुणा केल्या जातात आणि त्यांतली खरी कितवी, हे दोघांनी आधीच ठरवलेले असते. २०२२ पासून बटण दाबून पिचरच्या टोपीतल्या यंत्रात सूचना ऐकवण्याची सोयही झाली आहे.

एवढे करूनही कधीकधी गफलत होते. कॅचर वळणाऱ्या चेंडूसाठी तयार असतो, पिचर सुसाट चेंडू टाकतो आणि तो हातमोज्याला चाटून मागे निघून जातो. मग कॅचर पंचाकडे वेळ मागतो, चालत पिचरपाशी जातो, तोंडावर हातमोजा धरून दोघे खुणा पुन्हा नक्की करतात आणि खेळ पुढे सुरू होतो. संसारात खुणा भरपूर असतात, पण त्या ठरवण्याची बैठक सहसा कधी झालेलीच नसते. एकाने विजेचे बिल टेबलावर ठेवले ते दुसऱ्याने भरावे म्हणून. दुसऱ्याने ते पाहिले आणि भरून झाले असावे असे समजून खणात ठेवून दिले.

याहून बोलका प्रसंग उंच उडालेल्या चेंडूचा. दोन क्षेत्ररक्षक धावत येतात, ‘तो घेईल’ असे समजून दोघेही थबकतात आणि चेंडू दोघांच्या मधोमध टपकन पडतो. खरे तर यासाठीही संकेत आहे: मोठ्याने ओरडून हक्क सांगायचा, आणि मधला आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) ओरडला तर इतरांनी बाजूला व्हायचे. पण त्याहून मौज अधिकृत स्कोअररच्या नियमात आहे. समजुतीची किंवा अंदाजाची चूक ‘एरर’ म्हणून सहसा नोंदवायची नाही, असे नियम सांगतो. त्यामुळे असा चेंडू बहुधा फलंदाजाचा हिट (यशस्वी फटका) ठरतो आणि कोणाच्याच नावावर डाग लागत नाही. मुलाला शाळेतून कोणी आणायचे, यावरून हीच थबकाथबकी घरोघर होते. तिथे मात्र दोघेही खेळाडू आणि दोघेही स्कोअरर असतात, शिवाय दोघांच्या वह्या वेगवेगळ्या.

शेवटी एक घडलेली हकीकत सांगतो. १८ एप्रिल १९८१ रोजी अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमधल्या पॉटकेट येथे तिथल्या संघाचा रॉचेस्टरच्या संघाविरुद्ध सुरू झालेला सामना कडाक्याच्या थंडीत ३२ इनिंग चालून पहाटे चारनंतर, ईस्टरच्या रविवारी, थांबवण्यात आला. तोवर १९ प्रेक्षक उरले होते. पॉटकेटचा पिचर लुइस अपोंते याचे काम दहाव्या इनिंगपर्यंतच होते, पण तो घरी पोहोचला पहाटे तीनच्या सुमारास. कुठे होतास, असे बायकोने विचारल्यावर त्याने ‘मैदानावर’ असे खरे उत्तर दिले आणि तिला ते अर्थातच पटले नाही. वर्तमानपत्र पाहा म्हणावे, तर सामना इतका लांबला होता की रविवारच्या अंकांत त्याचा निकाल आलाच नाही. माझा कौल मात्र तिच्या बाजूने आहे. या संघांच्या लीगमध्ये मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेपुढे नवी इनिंग सुरू न करण्याचा नियम होता, म्हणजे तिचा संशय रास्तच होता. फक्त पंचांजवळच्या नियमपुस्तकाच्या प्रतीत तो नियम छापायचा राहून गेला होता. तेहेतिसावी इनिंग २३ जूनला झाली, अवघ्या १८ मिनिटांत पॉटकेट ३–२ असे जिंकले, आणि त्या दिवशी मात्र वार्ताहरांची झुंबड उडाली होती.