नाणं वाजवून बघणारा मेस्त्री

(पडदा काळा. फक्त टकटक. मग हात दिसतो, बॉनेट दिसतं.)

ऐका नीट. टक, टक, टक… आणि हे बघा, इथे ठप. पाच रुपयाचं नाणं आहे, दुसरं काही नाही. जिथे टक वाजतं तिथे गाडीची फायबरची बॉडी धड आहे, जिथे ठप वाजतं तिथे आतले थर एकमेकांपासून सुटलेत, वरचा रंग कितीही चकाचक असू दे. मेस्त्री खडूने गोल काढतात आणि पुढे सरकतात, बोलत काहीच नाहीत. नाकापासून डाव्या दरवाजापर्यंत अकरा गोल झाले. गाडीचे मालक, आमचे काका, बाजूला उभे, त्यांच्याकडे बघा फक्त.

गाडी ओळखली का? नसेल ओळखली तर त्यात तुमची काही चूक नाही. ही सॅन स्टॉर्म. दोन दरवाजे, दोन सीटा, आणि जन्म इथलाच, आपल्या शेजारी गोव्यात, १९९८ चं मॉडेल. बनवणारी सॅन मोटर्स, आणि तिच्या मागचं घराणं बंगळुरूचं, रेल्वेची इंजिनं बनवणारं, म्हणजे ज्या लोकांचा धंदा रुळावरचा त्यांना एक दिवस वाटलं की आपण स्पोर्ट्स कार काढू. तेव्हा रस्त्यावर काय होतं आठवा, मारुती ८००, पद्मिनी, सँट्रो आणि इंडिका त्याच वर्षी आलेल्या, सगळ्यांना हवी होती पाच माणसं आणि डिकीत बॅगा मावणारी गाडी. आणि ह्यांनी काढली दोघांपुरती. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ६० बीएचपी. साठच. हसू नका, बॉडी फायबरची आहे, पत्र्याचं ओझं नाही. आम्ही बसून बघितलं, ढुंगण जमिनीपासून वीतभर वर असतं, चाळीसच्या स्पीडलाही ऐंशी वाटतात.

(सावंतवाडी. चिऱ्याचा गडगा, त्यावर लाल रंगाचा ओरखडा.)

तर झालं असं. गाडी तापली, काटा लाल पट्ट्यात गेला, काका बाजूला घ्यायला गेले आणि नाक ह्या गडग्याला लागलं. एका दिवसात दोन दुखणी, इंजिनचं आणि बॉडीचं. आता ही गाडी बनत नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, मग दाखवायची कुणाला?

पहिल्यांदा शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला. नाव सांगत नाही. आत शूटिंग करू दिलं नाही म्हणून ही बाहेरची काच बघा, छान आहे. कॉफी पण छान होती. बॉनेट न उघडता त्यांनी सांगितलं की हे इंजिन काढून दुसरं कुठलं तरी बसवू, आणि एस्टिमेटचा कागद प्रिंट करून दिला. इंजिन नंबर कुणी विचारला नाही.

दुसरा एक डेंटिंगवाला, माणूस चांगला, हात चांगला, पत्र्याच्या कामात आसपास त्याला तोड नाही. पण तो आला तोच हातोडा घेऊन. मागून ठोकून सरळ करतो म्हणाला आणि मग वरून लांबी भरून रंग मारतो. फायबर ठोकलं की सरळ होत नाही हो, फुटतं. आणि भेगेवर नुसती लांबी भरली तर दिसायला झकास, पण मुळात तुकडे सांधलेलेच नसतात, गाडी धक्के खाते आणि चार-सहा महिन्यांत तीच रेष रंगातून वर येते.

मेस्त्रींना काका भेटले ते होडीमुळे. हे वेंगुर्ल्याकडचे, आयुष्यभर मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करतात, गाडी कधी केली नव्हती. काकांनी विचारलं, हातोडा आणू का? तर म्हणाले, "हातोडो कित्याक व्हयो? ही होडीच आसा, चाकांची."

(ग्राइंडर. पांढरी धूळ. मेस्त्रींच्या तोंडाला फडकं, बाह्या मनगटापर्यंत.)

आता हे सावकाश बघा. भेग बुजवण्याआधी मेस्त्री ती मोठी करतायत. दोन्ही बाजूंनी घासून उतार देतात, बशीसारखा, म्हणजे नव्या मॅटला, काचेच्या धाग्यांच्या चटईला, जुन्या फायबरवर बसायला जागा मिळते. ती धूळ काचेची आहे, अंगाला लागली की दिवसभर खाज, आमच्या कॅमेरावाल्याला विचारा. मॅट कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात, कारण फाटलेली कडा मऊ असते आणि शेजारच्या थरात मिसळून जाते, कापलेली कडा वर येऊन रेष दाखवते. मग रेझिन, म्हणजे मॅट चिकटवणारा पातळ रस, आणि त्यात तो घट्ट करणारा हार्डनर, शेकड्याला एक-दोन, बस. जास्त घातला तर डब्यातच तापतो, धूर निघतो आणि बसलेलं काम ठिसूळ होतं. मेस्त्री मोजायला बाटलीचं झाकण वापरतात आणि झाकणाआधी आभाळाकडे बघतात, ऊन किती, दमट किती.

ब्रश मारला, आता रोलर. मॅट पांढरी आहे ना? रेझिन पीत जाते तशी ती काचेसारखी होते, खालचा खडूचा गोल दिसायला लागतो. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकली. हा ठिपका बघा. रोलर परत परत त्याच्यावर. गेला.

असे चार थर, आधी आतल्या बाजूने मग बाहेरून. हे सगळं मे महिन्यातलं आहे, कारण १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर चढतात आणि मेस्त्रींना मान वर करायला वेळ नसतो, शिवाय पावसात ओलसर मॅटला रेझिन धरत नाही.

इंजिनला मात्र त्यांनी हात लावला नाही. माझं काम नाही म्हणाले, विषय संपला. आमच्या मते काकांचा भरवसा तिथेच पक्का बसला.

(कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज.)

आंबोली घाटातलं शूटिंग नाही, धुकं होतं, त्यामुळे एकदम इथे. इथल्या मिस्त्रीने पहिल्यांदा काय केलं तर चिंधीने इंजिनचा ब्लॉक पुसला आणि नंबर वाचला. डी७एफ. हेच इंजिन रेनोने क्लिओत आणि ट्विंगोत वापरलंय, म्हणजे हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ह्यांच्यामधलं सील), टायमिंग बेल्ट बाहेरून मागवता येतात, अख्खं इंजिन फेकायची गरज नाही. मग ऑइलचं झाकण उघडलं, खाली दुधाच्या सायीसारखं पांढरट, म्हणजे पाणी ऑइलमध्ये. खर्च विचारला तर म्हणाला, "हेड काढून बघितल्याबिगर आकडा सांगनार न्हाई." हेड काढलं, त्यावर पट्टी आडवी ठेवली, खाली फट मोजायचं फिलर गेज घातलं आणि गेज सरकलं. तापून हेड वाकलेलं. फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं, तो ग्राइंडरचा शॉट बघा, अॅल्युमिनियम आरशासारखं होतं.

एक गंमत राहिली. हेडलाइट कायम मंद, आधी कुणीतरी दोनदा बल्ब बदललेले. पत्र्याच्या गाडीत करंट बॉडीतूनच परत जातो, फायबरमधून कसा जाणार, प्रत्येक दिव्याची अर्थची वायर चासीपर्यंत न्यावी लागते. आणि ही बघा, कुण्या महाभागाने ती फायबरलाच स्क्रू मारून बसवलेली. दिवे कुठून तरी चोरून अर्थ घेत होते इतके दिवस.

बाकी पटकन. गॅस्केट यायला सहा आठवडे. आरटीओत १५ वर्षांवरच्या गाडीच्या नोंदणी रिन्यूअलचे एप्रिल २०२२ मध्ये सहाशेचे पाच हजार झाले होते, ते वेगळे. एकूण बिल काकांनी कॅमेऱ्यावर सांगितलं नाही, काकू आतल्या खोलीत होत्या.

(संध्याकाळ. गाडी सुरू. आवाज असाच राहू द्या, म्युझिक नको.)

डावा दरवाजा अजून जरा उचलूनच लावावा लागतो. मेस्त्री म्हणाले, होड्या पाण्यात जाऊ देत, मग बघू.